पाणी मोजून, मीठ नेहमीसारखं

आजारी माणसाचं घरात सगळे ऐकतात, असा एक समज आहे. तो साफ खोटा आहे. आजारी माणसाचं कोणीच ऐकत नाही. त्याच्या डोक्यावरून सगळे एकमेकांशी बोलतात, त्याला काय हवंय ते आपसात ठरवतात, आणि त्यानं नको म्हटलं की ‘दुखण्यानं चिडचिडी झालीय बिचारी’ म्हणून तेच पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवतात. मला हे बावन्नाव्या वर्षी कळलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सत्तावीस वर्षं पोरांना गप्प बसवण्यात गेली, त्यामुळे मला गप्प बसवायला निघालेल्या माणसांशी कसं वागायचं हे मला बऱ्यापैकी ठाऊक होतं. नुसत्या तेवढ्यावर भागणार नव्हतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. वर्गात फळ्यापुढे उभी राहिले की मधल्या रांगा स्वच्छ दिसायच्या, कडेच्या दोन्ही रांगा गायब. चष्मा दोनदा बदलला. आमच्या गावच्या, वाटूरच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली मोटारसायकल मला अंगावर येईपर्यंत दिसली नाही, तेव्हा कुठे जालन्याला जाऊन डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, हरभऱ्याएवढी पीयूष ग्रंथी असते. माझ्या त्या हरभऱ्यावर लिंबाएवढी गाठ वाढली होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. कॅन्सर नव्हता, पण काढावी लागणार होती. मे महिन्याची सुट्टी लागल्यावर संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नाकातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी ती काढली. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा खाटेच्या दोन्ही कडा बघितल्या. दोन्ही दिसल्या. मी रडले. नाकात बोळे असताना रडणं फार अवघड जातं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढचं भांडण पाण्यावरून झालं.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस मला भयंकर तहान लागत होती आणि लघवीही तशीच होत होती. नर्स प्रत्येक वेळी मापात धरून लिहून ठेवायची आणि म्हणायची, ‘तहान लागली की प्या, मागे ठेवू नका.’ त्या दोन दिवसांत माझ्यापाशी आक्का होत्या. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, राजूरला दिलेली, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. रक्तदाबानं त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि दोन वर्षं आक्कांनी त्यांचं सगळं अंथरुणात केलं. गावात आक्कांचं नाव निघालं की अजून लोक हात जोडतात. आमच्या घरात कोणी आजारी पडलं की पहिला फोन राजूरला जातो, आणि आक्का पिशवी भरून हजर होतात. त्यांनी नर्सचं बोलणं ऐकलं, मनात पक्कं केलं, आणि तिसऱ्या दिवशी माझी खोली झाडून ठेवायला म्हणून आधीच वाटूरला निघून गेल्या.

चौथ्या दिवशी मला घरी सोडताना एक तरुण डॉक्टरीण माझ्या खाटेवर येऊन बसली. हे तेव्हा खाली गाडी आणायला गेले होते. त्यामुळे तिनं जे सांगितलं ते फक्त मी ऐकलं.

ती म्हणाली, ‘मॅडम, आता नियम उलटा होणार आहे, नीट ऐका. तुमच्या ग्रंथीला धक्का लागलाय. लघवी रोखून धरा असं शरीराला सांगणारं एक द्रव्य तिच्यात साठलेलं असतं, ते आता काही दिवस नको तेवढं सुटू शकतं. मग प्यालेलं पाणी बाहेर जात नाही, अंगातच राहतं, आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. आमटीत तांब्याभर पाणी ओतलं तर मीठ कुठे पळून जात नाही, पण आमटी अळणी होते ना? तसंच. आणि सोडियम फार खाली गेलं की मेंदूला सूज येते.’

‘मग?’

‘डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, माणूस भलतंच बोलतो. झटकेही येतात. म्हणून दहाव्या दिवसापर्यंत चोवीस तासांत एक लिटर. पाणी, चहा, ताक, रस, सगळं धरून. मीठ नेहमीसारखं, कमी करायचं नाही. सकाळची गोळी चुकवायची नाही. आणि सातव्या दिवशी सोडियम तपासायचं, कितीही बरं वाटत असलं तरी. हा नियम सगळ्यांना नसतो, तुमचे रिपोर्ट बघून तुम्हाला सांगतेय.’

मी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. पोरांकडून घेते तसंच.

घरी आल्या आल्या मी पुठ्ठा मागवला आणि लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी मोजून, मीठ नेहमीसारखं, सातव्या दिवशी तपासणी. तो पुठ्ठा फ्रीजवर चिकटवला. एक लिटरची बाटली सकाळी भरून उशाशी ठेवायची, कोणी चहा दिला तर तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं, असा हिशोब बसवला. मला वाटलं, झालं काम.

बाहेर ऊन असं की अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसावा. अशा उन्हात, जालना जिल्ह्यात, पाणी नको म्हणणारी बाई लोकांनी पाहिली नव्हती. आमच्याकडे पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आत त्याच्या हातात तांब्या असतो. पाणी घेतलं नाही तर राग आहे असं धरतात. आणि मला भेटायला रोज दहा-बारा माणसं येत होती. एकजण शहाळी घेऊन आला. दुसरी ग्लुकोजचा डबा घेऊन आली. आमचा स्वतःचा मोसंबीचा बाग, आणि झाडावर उरलासुरला माल होता, तरी माझे चुलतदीर दोन पोती मोसंबी ओसरीत टाकून गेले.

‘वहिनी, रोज चार गिलास रस प्या. ताकद आली पायजे.’

‘भाऊजी, मला दिवसाला सगळं मिळून एक लिटर सांगितलंय.’

‘ते पाण्याचं. रस म्हंजे काय पाणी असतंय का?’

‘मग काय तेल असतं का?’

त्यांनी ओशाळून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याबद्दल काहीतरी डोळ्यांनी बोलणं झालं, आणि दोघं बाहेर जाऊन बसले. पाठोपाठ शेजारीण माझ्या हातात शहाळं देऊन उभीच राहिली. ‘एक घोट घ्या, माझ्या हातचा. नाही म्हणू नका.’ मी नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला तरी मी नाही म्हटलं. तेव्हापासून गल्लीत बोलवा झाली की ऑपरेशननं मास्तरीण बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला त्याचं काही वाटलं नाही. परिणाम होऊ नये म्हणूनच तर मी भांडत होते.

आक्कांचं मात्र तसं नव्हतं. त्या भांडत नव्हत्या. त्या फ्रीजवरचा पुठ्ठा वाचायच्या, मान हलवायच्या, आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघरात जायच्या. मला म्हणाल्या, ‘मी स्वतः ऐकलंय ना माय. ती नर्स म्हणून राह्यली होती, तहान लागली की पी. ह्या पोरीचं काय खरं धरायचं? दोन दिवसांत कसा उलटा झाला नियम?’

‘आक्का, तेव्हा पाणी बाहेर जात होतं. आता आत राहील.’

‘बरं,’ असं म्हणून त्या गेल्या.

मला त्यांच्या ‘बरं’ची खात्री वाटायला हवी नव्हती. माझी चूक तिथे झाली, आणि दुसरी चूक पेजेत. आजारी माणसाला घास गिळायला सोपा पडावा म्हणून आक्का तांदळाची पातळ पेज करायच्या, सकाळी एक वाडगा, दुपारी एक, संध्याकाळी एक. मी चहा मोजत होते, ताक मोजत होते, औषधाच्या गोळीबरोबरचा घोटसुद्धा मोजत होते. पेज मात्र मी जेवणात धरली. सत्तावीस वर्षं पोरांना गणितं घालणाऱ्या बाईच्या डोक्यात हे आलं नाही की त्या वाडग्यात मूठभर तांदूळ आणि बाकी सगळं पाणी आहे. वाडगाही आमच्या घरचा, म्हणजे लहान नव्हे.

सहाव्या दिवशी दुपारी मी भाजीचा घास घेतला आणि थांबले. ‘आक्का, भाजीत मीठ नाही.’

‘टाकलंय की.’

‘नाही.’

‘अगं, नाकाचं ऑपरेशन झालंय तुझं. वास न्हाई, मंग चव कशी लागल? चार दिवसांनी लागल बराबर.’

हे पटण्यासारखं होतं. नाक बंद होतं, कशाचाच वास येत नव्हता, लसणाची फोडणी सुद्धा कळत नव्हती. मी दुसरा घास घेतला. तिसराही घेतला. मग मला राग आला, कारण मी एवढीही बावळट नाही. उठून मी मिठाच्या बरणीपाशी गेले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. खारट लागलं. चांगलं सणसणीत खारट. मी परत येऊन ताटापाशी उभी राहिले.

‘आक्का, मीठ नाकानं कळत नाही, जिभेनं कळतं. माझी जीभ शाबूत आहे. भाजीत मीठ नाही, वरणात नाही, आणि पेजेतही नव्हतं. खरं सांगा.’

त्या खाली बघत राहिल्या. ‘जरासं कमी टाकलंय. मीठ लई वाईट. डोक्याच्या दुखण्यात तर बिलकुल न्हाई पायजे. मी बघितलंय माझ्या घरात.’

‘तुमच्या घरात रक्तदाब होता! माझा रक्तदाब बरोबर आहे. मला डॉक्टरांनी मीठ खा म्हणून सांगितलंय. तिकडे लिहून लावलंय!’

माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की तो शाळेच्या मैदानापलीकडे जातो. हे ओसरीतून धावत आत आले. आक्का डोळ्याला पदर लावून बसलेल्या, आणि मी हातात मिठाची बरणी धरून उभी. ह्यांनी जे बघितलं त्यावरून जे बोलायचं ते बोलले.

‘आक्का तिचं घर सोडून तुझ्यासाठी आलीय. पाच वाजल्यापासून खपून राह्यली. आणि तू तिच्या हातच्या जेवणाला नावं ठेवून राह्यलीस?’

मी म्हणाले, ‘नावं ठेवत नाही, मीठ मागते.’

त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. बायकांनी आजारपणातही गोड बोलावं, कोणाचं मन मोडू नये, आणि मन न मोडता जमलंच तर जगावं, अशी अपेक्षा असते. मी मन मोडलं. ताटात वरून मीठ घालून घेतलं आणि एकटीच बसून सगळं संपवलं. आक्का जेवल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि मी तरीही चावत होते. संध्याकाळी मात्र त्यांनी पेजेचा वाडगा पुढे केला तेव्हा समेट म्हणून मी तो घेतला. त्यात मीठ होतं. मला बरं वाटलं, आणि पेज मी सगळी प्याले.

‘भलतंच बोलायला लागलात तर लगेच या,’ असं डॉक्टरीण म्हणाली होती. पण मी भलतंच बोलते आहे हे मला कसं कळणार? आणि घरच्यांच्या मते तर मी चौथ्या दिवसापासूनच भलतं बोलत होते. म्हणून मी रोज सकाळी उठल्याबरोबर मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचे. तो मला झोपेतही येतो. सातव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं आतून दाबल्यासारखं दुखत होतं आणि पोटात ढवळत होतं. मी पाढा सुरू केला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. पुढे काही येईना. पुन्हा सुरू केला, पुन्हा सोळावर अडकले. तिसऱ्यांदा मी एकशे सोळानंतर एकशे वीस म्हणाले आणि मला ते क्षणभर बरोबर वाटलं. तेव्हा मी घाबरले.

बाहेर ओसरीत गडबड चालली होती. मंठ्याला नात्यातलं लग्न होतं. राजूरकडून निघालेल्या वऱ्हाडाच्या दोन जीपा वाटूरवरूनच जाणार, आणि आमच्यावरून जाऊन आमच्याकडे न थांबणं शक्यच नव्हतं. वीसेक माणसं चहा पीत होती. म्हाताऱ्यांना जीपमध्ये दाटी होते म्हणून आमची गाडी घेऊन हे मंठ्याला निघणार, असं माझ्या अपरोक्ष ठरलं होतं.

मी दारात जाऊन म्हणाले, ‘आज सातवा दिवस आहे. मला जालन्याला रक्त द्यायला जायचंय.’

‘उद्या जाऊ ना,’ हे म्हणाले. ‘एका दिवसानं काय होतंय? पाहुणे आलेत बघ तुला भेटायला.’

‘डोकं दुखतंय माझं.’

‘ऑपरेशन झालंय म्हणल्यावर दुखणारच की,’ एक मामेसासरे म्हणाले. ‘पोरी, पाणी पी चांगलं दोन तांबे आन पड जरा. उन्हाचं हाय ते.’ आणि कोणीतरी खरोखरच माझ्यापुढे तांब्या धरला.

मी तो तांब्या घेतला आणि अंगणात रिता केला. वीस माणसांसमोर, मे महिन्यात. मी आत जाऊन दवाखान्याचे कागद पिशवीत टाकले, डोक्याला ओढणीसारखा टॉवेल गुंडाळला आणि फाट्याकडे चालायला लागले. मागून ह्यांनी हाक मारली. मी वळले नाही. वळले असते तर मी थांबले असते, हे मला माहीत होतं. माझ्यात तेवढीच ताकद उरली होती.

जालन्याची एसटी लागलेलीच होती. खिडकीपाशी बसले, आणि गाडी सुटता सुटता धापा टाकत आक्का चढल्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक स्वतःची आणि एक कोणा वऱ्हाडणीची. माझ्या शेजारी बसल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आमचं भांडण चालूच होतं.

थोड्या वेळानं कंडक्टर आला. ‘कुठं जायचं, ताई?’

मला कुठे जायचंय ते मला माहीत होतं. स्टेशनाजवळचा चौक, रक्त तपासायच्या लॅबचा निळा बोर्ड, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. त्या गावाचं नाव मात्र तोंडात येईना. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कंडक्टर हसला आणि मग हसायचा थांबला. मी आक्कांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी हे पूर्वी बघितलेलं होतं. त्यांच्या यजमानांची वाचा अशीच गेली होती.

‘जालना!’ त्या जवळजवळ ओरडल्या. ‘दोन द्या. आन गाडी जल्दी घ्या ओ, माझ्या भावजयीला दवाखान्यात न्यायचंय!’

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी खिडकीतून ओकले. आक्कांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. एकदा त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, माझ्या तोंडापाशी आणली, थांबल्या, आणि झाकण परत लावलं. त्या मला सारखं विचारत होत्या, ‘कागदावर काय लिव्हलंय? मला सांग, काय म्हणायचं डाक्टरला?’ मी बहुतेक म्हणाले, सोडियम. तो शब्द तेवढा शाबूत होता. दिवसभर पाठ केलेला शब्द शेवटपर्यंत टिकतो, हे मी पोरांना नेहमी सांगत आले आहे.

लॅबच्या दारात आक्कांनी रांग मोडली. रिपोर्ट आला: एकशे तेवीस. एकशे पस्तीसच्या वर हवं होतं. लॅबवाल्यानंच आम्हाला रिक्षात घालून जालन्यातल्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी संभाजीनगरला फोन लावला आणि मला जास्त मिठाचं सलाईन सुरू केलं, थेंब थेंब, दर काही तासांनी रक्त तपासत. एकदम वाढवलं तरी मेंदूला धोका असतो म्हणे, हळूहळूच वर आणावं लागतं. संध्याकाळी हे आले, लग्नातल्या कपड्यांतच. माझ्या पायाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, ‘मला भ्या वाटत होतं. तपासलं की काहीतरी निघंल म्हणून.’ मी डोळे मिटूनच ठेवले. एवढ्या लवकर माफ करायचा माझा विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला एकोणतीसचा पाढा दोनशे नव्वदपर्यंत आला. मी तो मोठ्यानं म्हटला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना काय वाटलं असेल कोण जाणे. दुपारी डॉक्टर आले, मी काय काय खाल्लं-प्यालं ते त्यांनी विचारून घेतलं, आणि पेजेपाशी आले तेव्हा त्यांनी पेन थांबवलं. ‘तीन वाडगे? म्हणजे तुम्ही दिवसाला दीड-दोन लिटर घेत होतात की. आणि बिनमिठाचं. नियम पाळूनही काही जणांचं सोडियम खाली येतं, तेव्हा सगळा दोष त्यावर टाकत नाही मी. पण वेळेवर आलात. आणखी एक दिवस थांबला असतात तर झटके आले असते, कदाचित त्याहून वाईट.’

आक्का खाटेपाशी स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी स्टूल खाटेला लावून घेतलं. वॉर्डात दुपारची सामसूम होती.

‘जरासं कमी न्हवतं,’ त्या म्हणाल्या. ‘बिलकुलच टाकत न्हवते. तू ओरडलीस तवर.’

‘कळलं होतं मला.’

‘आन पेज मुद्दाम पातळ करत होते. तू पाणी पीत न्हाईस, मंग पेजेतून तरी जाऊ दे पोटात म्हणून.’

हे मला कळलं नव्हतं. मला चढायचा तो राग चढला. दवाखान्यात होते म्हणून आवाज दाबून म्हणाले, ‘आक्का, मी मेले असते.’

‘व्हय.’ त्यांनी मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. ‘एक सांगू तुला? कोणाला सांगितलं न्हाई. ह्यांच्या वक्ताला डाक्टरनं मीठ बंद केल्तं. लोणचं तर बघायचं पण न्हाई म्हणले होते. आन ह्यांना बोलता येत न्हवतं, नुसते ताटाकडं बघून रडायचे. मी दोन वर्षं चोरून लोणचं देत होते. रोज एक फोड. मंग ते गेले. लोक म्हणले, बायकोनं सोनं केलं. अकरा वर्षं ऐकून राह्यले मी ते.’

मी उशीवरून मान त्यांच्याकडे वळवली.

‘म्हणून तुझ्या बारीला म्हणलं, आता चूक न्हाई करायची. मीठ अजिबात न्हाई.’ त्यांनी माझं मनगट धरलं. ‘तू शिकलेली हाय. मला खरं सांग. मी मारलं का त्यांना?’

‘नाही’ हा शब्द माझ्या ओठांवर आलेला होता. तो म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना तो हवा होता. पण आठवडाभर मी सगळ्या घराशी एवढ्यासाठीच भांडले होते की माझ्याशी गोड बोलू नका, मला खरं ते करू द्या. आता त्यांच्याशी गोड बोलायला माझी जीभ वळेना.

‘मला माहीत नाही, आक्का,’ मी म्हणाले. ‘मी डॉक्टर नाही. पण तुम्ही मला मारायला निघाला नव्हतात, एवढं मला माहीत आहे. आणि त्यांनाही नाही.’

त्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, सलाईनच्या थेंबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘निघाले न्हवते गं. पण पोचले असते की.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘मी पोचू दिलं नाही.’